कॉलरला लावलेली नम्रता

आमच्या ह्यांच्या नम्रतेचा मला फार धाक. चर्चच्या मंडळीचे अध्यक्ष झाल्यापासून तर ती घरात मावेना.

मध्यंतरी प्रभुभोजनाचा काचेचा पेला फुटला. आळ आला चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशींवर. "मी हातसुद्धा लावला नाही," त्या म्हणाल्या. समितीने न्याय केला: कामावरून काढलं. मग दया केली: पोलिसांत दिलं नाही. उरली नम्रता, ती पाय धुण्याच्या उपासनेसाठी राखून ठेवली. येशूने शिष्यांचे धुतले तसे त्या दिवशी हे गरिबांचे पाय धुणार होते.

पेला फुटला तेव्हापासून ह्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. दाढी करताना कापलं म्हणे. अंगठ्याला दाढी येणारा पुरुष माझ्याच नशिबी आला.

तयारी जोरात चालली. माझ्यापुढे गुडघे टेकायचा सराव झाला, लग्नानंतर पहिल्यांदाच. पाय घरून धुऊन या, असा गरिबांना निरोप गेला. प्रार्थना शेवटच्या बाकापर्यंत पोचावी म्हणून ह्यांनी कॉलरला माइक लावून घेतला.

ऐनवेळी एक गरीब आलाच नाही. शेवटची खुर्ची रिकामी. काम गेलं तरी मावशींनी उपासना सोडली नव्हती. मागे बसल्या होत्या. मी त्यांना हाताला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं.

हे मान खाली घालून गुडघ्यांवर सरकत आले. साबणाचा वास येणारे पाय संपले, आणि समोर धुळीने भरलेल्या, भेगाळ टाचा. ह्यांनी वर पाहिलं.

"पाय नंतर, साहेब," मावशी हळूच म्हणाल्या. "पेला कुणी फोडला ते आधी सांगा. मला आता कुणी दारात उभं करत नाही."

"हळू बोल," हे कुजबुजले. "माझ्या हातून सुटला, तू पाहिलंस ना? मग आता कशाला? नंतर बघू."

शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचला. ह्यांना पळायचं होतं, पण गुडघे धरले होते.

"धुवा आता," मावशी म्हणाल्या. "पाणी गार होतंय."

ह्यांनी धुतले. तसराळ्यातलं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा गढूळ झालं. मग मावशींनीच हात देऊन ह्यांना उठवलं, सावकाश, आजारी माणसाला उठवावं तसं.

"उद्यापासून कामावर या," हे पुटपुटले.

"तेवढं मोठ्याने सांगा, साहेब," मावशी म्हणाल्या. "आता मात्र माइकलाही ऐकू जाईना."