काकूंना बोलवा

काकू गेल्या त्या चर्चच्या सभागृहात, खुर्च्या मांडता मांडता. रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांना चहा असायचा आणि त्याआधी खुर्च्या त्याच मांडायच्या. कुणी मदतीला आलं तर म्हणायच्या, "राहू द्या हो, तुमच्या रांगा वाकड्या येतात." त्या दिवशी एका खुर्चीची पाठ धरून त्या हळूच खाली बसल्या, त्या काही उठल्या नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. दुपारपर्यंत त्यांना घरी आणून त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पलंगावर ठेवलं.

बाहेरच्या खोलीत चर्चच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मुलगा शवपेटीचं बघायला गेला होता. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आता पुढे काय करायचं असतं, ते तिला कळत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी, जिला कमी ऐकू यायचं, जरा चिडूनच म्हणाली, "अगं, नुसत्या बसून काय राहिलात? उशीर झाला की अंग ताठतं. काकूंना कुणीतरी बोलवा ना!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग त्या म्हातारीच्या आपसूकच लक्षात आलं आणि तिनं पदरात तोंड लपवलं.

चूक तिची नव्हती. वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. त्या चर्चमधली कुठलीही बाई वारली, की पाळकांच्या आधी काकूंना निरोप जायचा. काकू एक पिशवी घेऊन निघायच्या. पिशवीत मऊ टॉवेल, साबण, कंगवा आणि सुईदोरा. दार लावून घ्यायच्या, आणि दार उघडायच्या तेव्हा आतली बाई न्हालेली, विंचरलेली, नीट कपडे घातलेली असायची. कुणी म्हणायचं, "काकू, कसं हो जमतं तुम्हाला?" तर त्या हसायच्या. "माझं गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही, म्हणून जमतं." चहाच्या वेळी त्या एखाद्या आजींकडे टक लावून बघायला लागल्या, तर आजी दटावायच्या, "काकू, माप घेतल्यासारखं बघू नका. मला अजून वेळ आहे."

सुनेला मात्र हे हसण्यावारी नेता आलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई चर्चचं काम करतात एवढंच तिला ठाऊक होतं. फुलं सजवतात, आजारी माणसांना भेटून येतात, जुने कपडे गोळा करून दुरुस्त करून वाटतात. या गोष्टी ती कौतुकानं मैत्रिणींना सांगायची. ही एक गोष्ट कळल्यावर मात्र तिच्या अंगावर काटा आला. पहिलं मूल झाल्यावर तिनं स्पष्टच सांगितलं, "आई, तिथून आलात की तसंच घरात येऊ नका. मागच्या नळावर आंघोळ करा, मगच बाळाला घ्या."

"बरोबर आहे तुझं," काकू म्हणाल्या. तेव्हापासून त्या मागच्या दारानं यायच्या. अंगणात पत्र्याच्या आडोशाला नळ होता, तिथं आंघोळ करायच्या. थंडीच्या दिवसांत त्यांची बोटं काळीनिळी पडायची. सून खिडकीतून बघायची. आत या, पाणी तापवून देते, एवढंच म्हणायचं असायचं. पण आपणच घातलेला नियम आपणच कसा मोडायचा, म्हणून शब्द ओठांवरच राहायचे. मुलं मोठी झाली, शाळेत जायला लागली, तरी काकू नळावरच आंघोळ करत राहिल्या.

एकदाच काकूंनी विषय काढला होता. दोघी काकूंच्या पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"माझ्याबरोबर एकदा येशील का गं? काही करू नकोस. नुसती दारात उभी राहा."

"मला नाही जमणार, आई."

"कुणालाच जमत नसतं. माझ्यानंतर कुणीतरी हवं, एवढंच."

"मला किळस येते." शब्द तोंडातून गेला आणि तिला वाटलं, परत घ्यावा. काकूंनी हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पूर्ण केली, वरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं." पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

आता तोच पलंग होता आणि त्यावर काकू होत्या. मुलानं बाहेरून फोन केला. शवपेटीवाल्याकडे दोन माणसं असतात, ती येऊन सगळं करतील, बोलावू का?

"पुरुष?" सुनेनं विचारलं.

"हो. आता सगळीकडे तेच करतात."

"नको," ती म्हणाली. "मी करते." हे आपणच बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तिनं पाणी तापवलं. ती कमी ऐकू येणारी म्हातारी मदतीला आत आली. दार लावल्यावर सुनेनं पहिल्यांदा सासूच्या अंगाला तसा हात लावला. इतकी वर्षं एका घरात काढली, पण या खांद्यावर भाजल्याचा जुना डाग आहे हे तिला माहीत नव्हतं. कशानं भाजलं असेल, तेही माहीत नव्हतं. किळस आली नाही. आपल्याला किळस येत नाहीये, हे कळलं तेव्हाच तिला पहिल्यांदा रडू फुटलं.

आंघोळ कशीबशी झाली. अडलं ते कपड्यांपाशी. काकूंचा लांब बाह्यांचा निळा झगा चढेना. हात ताठले होते. अशा वेळी काय करायचं, ते काकूंनी एकदा जेवताना सांगायला घेतलं होतं. "लोक सरळ पाठीमागून कापतात गं कपडा. मी नाही कापत. कापलेला कपडा घालून कुणी घराबाहेर पडतं का? आधी खांद्यापाशी..." तेव्हा सुनेनं ताट पुढे सरकवलं होतं. "आई, जेवताना नको ना." काकूंनी विषय सोडून आमटी पुढे केली होती.

खांद्यापाशी काय? चोळायचं? दाबायचं? गरम टॉवेल ठेवायचा? तिनं सगळं करून पाहिलं. म्हातारीनंही पाहिलं. शेवटी म्हातारी दमून म्हणाली, "पोरी, पेटीवाला येईल आता. काप." सुनेनं कात्री आणली आणि झगा पाठीतून वरपासून खालपर्यंत कापला. पुढून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. सगळ्या म्हणाल्या, किती छान दिसतायत, जशा झोपल्यात. सून मान हलवत राहिली.

पुढच्या आठवड्यात स्मरणसभा झाली. पाळकसाहेब अलीकडेच बदलून आले होते, त्यांना कुणी टिपणं करून दिली असावीत. ते काकूंच्या चहाबद्दल बोलले, वेदीवरच्या फुलांबद्दल बोलले, वाटलेल्या कपड्यांबद्दल बोलले. त्या एका कामाचा उल्लेखच आला नाही. शेवटी शवपेट्या बनवणारा म्हातारा सुतार परवानगी न विचारताच उभा राहिला.

"एक राहिलं, साहेब. तुमच्या आधीचं आहे. धोब्याच्या माडीवर एक बाई एकटी राहायची. वारली ती. नात्यातलं कुणी नाही, आणि लोक तिच्याबद्दल बरं बोलत नव्हते. मी पेटी घेऊन गेलो तर बायका जिन्यात उभ्या. आत कुणी जाईना. तेवढ्यात ही काकू, तेव्हा नवी लग्न झालेली पोरगी, हातात घमेलं घेऊन वर आली. मला म्हणाली, दादा, पाणी भरून द्या. हात थरथरत होते तिचे, पाणी सगळं जिन्यात सांडलं. तिलाही भीती वाटत होती, साहेब. तरी गेली. माझी बायकोही तिनंच तयार केली. पोटच्या मुलीनं करावं तसं केलं." एवढं म्हणून तो खाली बसला.

सुनेला वाटायचं, काकूंना त्याचं काही वाटतच नसेल, त्यांचा स्वभावच तसा. त्याही थरथरल्या असतील, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. त्या सांगायलाच तर बसल्या होत्या.

सभेनंतर चहाच्या वेळी एका बाईंनी विषय काढला की आता हे काम कुणी बघायचं. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. काही नजरा सुनेकडेही वळल्या. ती कपातल्या चहाकडे बघत राहिली. मग ठरलं, की यापुढे पेटीवाल्याच्या माणसांनाच सांगायचं, वर्गणीतून त्यांना द्यायचं. सभागृहाच्या स्वयंपाकघराला काकूंचं नाव द्यावं, हेही ठरलं, आणि त्याला मात्र सगळ्यांनी हात वर केले.

थंडी सुरू झाली तेव्हा चर्चमधल्या पोस्टमनची आई वारली. सून डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथं तिला कळलं. ती तशीच उठून गेली. कशाला चाललोय, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. पोस्टमनच्या घरी खोलीचं दार बंद होतं, आत पेटीवाल्याची माणसं होती. बाहेर बाकावर त्याची बहीण एकटीच बसली होती, आईचा स्वेटर मांडीवर घेऊन.

"आईला अनोळखी माणसांचा फार संकोच वाटायचा," ती म्हणाली. मग तिनं वर बघितलं. "तुम्ही काकूंच्या सूनबाई ना? त्यांच्याबरोबर जायचात का तुम्ही?"

"नाही," सून म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं. मी गेले नाही."

बहिणीनं स्वेटर उचलून जवळ घेतला आणि बाकावर जरा सरकून बसली. सून तिच्या शेजारी टेकली. आतून दार उघडेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.