मागची खोली

स्वयंपाकघराच्या खिडकीची रुंदी मापून झाली, आकडा वहीत उतरवून झाला, तरी सिस्टरांनी टेपचं दुसरं टोक सोडलं नाही. लघुलेखिकेने आपल्या बाजूने टेप थोडी सैल केली आणि वाट पाहिली. ती पिवळी पट्टी दोघींच्या मध्ये तशीच राहिली.

"पडदे जरा जाड लावा," सिस्टर म्हणाल्या. "दुपारी इथं फार ऊन येतं."

मग खिडकीकडेच बघत त्या म्हणाल्या,

"मास्तरांशी लग्न करायचंय मला. ते पक्कं आहे. पण हे घर द्यायचा धीर होत नाहीये."

एवढं बोलून त्यांनी टोक सोडलं. टेप सरकन डबीत शिरली.

लघुलेखिका चोवीस वर्षं कोर्टात नोकरी करत होती. याहून कितीतरी वाईट वाक्यं तिने भुवईसुद्धा न हलवता कागदावर उतरवून घेतली होती. पण हे ऐकल्यावर ती जवळच्या स्टुलावर बसली. चार माणसांची घरं या एका वाक्यावर अडली होती.

तिने आणि तिच्या नवऱ्याने वेगळं व्हायचं ठरवलं त्याला दीड वर्ष होत आलं होतं. भांडण असं काही झालंच नव्हतं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरांत उभा राहून गोड बोलायचा, आणि घरी येईपर्यंत त्याचे शब्द संपलेले असायचे. ती दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून यायची, तिलाही घरात शांतताच हवी असायची. दोघांनी मिळून ती इतकी सांभाळली, की पुढे ती मोडायची कशी हेच कुणाला कळेना. एका रविवारी नाश्ता करताना त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. ते इतक्या सहज ठरलं की दोघांनाही आतून लागलं.

अवघड होता तो फक्त फ्लॅट. चार खोल्यांचा, दोघांच्या पगारातून उभा राहिलेला. तो विकायचा आणि दोघांनी दोन लहान जागा घ्यायच्या, असा साधा बेत होता. पण तेवढ्यात बाजार बसला. कारखान्यांनी माणसं कमी केली, बँकांनी हात आखडते घेतले. जाहिरात बघून माणसं यायची, गॅलरीतल्या वाऱ्याचं कौतुक करायची आणि पुन्हा तोंड दाखवायची नाहीत. त्यांच्या इमारतीतच 'विकणे आहे'च्या सात पाट्या लटकत होत्या. त्यामुळे वेगळी झालेली माणसं एकाच घरात राहत होती. पुढची खोली आणि गॅलरी त्याची, आतली खोली तिची. स्वयंपाकघर पाळीपाळीने. फ्रिजचे वरचे दोन कप्पे त्याचे, खालचे दोन तिचे.

यातून वाट काढली ती एजंटांनी. ते पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणत. झेरॉक्सच्या दुकानाच्या कोपऱ्यातलं एक टेबल, हे त्यांचं ऑफिस. नऊ महिन्यांत त्यांच्या हातून एकही घर विकलं गेलं नव्हतं. पैसा कुणाकडेच नाही, पण घरं तर आहेत, मग विकण्याच्या मागे लागायचंच कशाला, असं त्यांच्या डोक्यात आलं. मोडणारं एक घर आणि जुळणारी दोन घरं शोधायची आणि सरळ अदलाबदल करायची. चुकलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर त्यांनी एक मोठा चौकोन काढला, दोन लहान काढले, आणि बाणांनी ते जोडले. मग तीन महिने पायपीट करून त्यांनी मास्तर आणि सिस्टर शोधून काढले.

मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहणारे. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. सिस्टर नर्स म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या, अविवाहित, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या मालकीण. डोळ्यांच्या दवाखान्यात दोघांची ओळख झाली. औषध घालून डोळे मिटून शेजारीशेजारी बसावं लागलं, तिथून बोलणं सुरू झालं. लग्न ठरलं, पण राहायचं कुठे यावर घोडं अडलं. सिस्टरांना दुसरीच्या संसारात जाऊन बसायचं नव्हतं आणि दोन खोल्यांत मास्तरांची पुस्तकंसुद्धा मावली नसती. दोघांना नवं, मोठं घर हवं होतं. आणि मोठ्या घरातल्या दोघांना हवी होती दोन लहान घरं.

"असा योग आयुष्यात एकदा येतो," सर म्हणाले होते. "फक्त चौघांपैकी एकानेही पाय मागे घेता कामा नये."

कुठली जागा कुणाची, हेसुद्धा न भांडता ठरलं होतं. तिला तळमजला आवडला. मास्तरांची जागा थोडी मोठी म्हणून नवऱ्याने कपाटं आणि फ्रिज तिला देऊन टाकले. आता फक्त अदलाबदलीचा दस्त व्हायचा होता, येत्या सोमवारी.

स्टुलावर बसल्याबसल्या तिने विचारलं, "मास्तरांना सांगितलंत?"

सिस्टरांनी मान हलवली. नाही. मग ओट्याला टेकून त्या सावकाश बोलत राहिल्या. एकोणिसाव्या वर्षापासून त्या हॉस्टेलवर होत्या. ड्यूटीवरून आल्यावर झोपायला जो पलंग मिळे, त्याच्यावरून नुकतीच कुणीतरी उठून गेलेली असे. गादी अजून ऊबदार असे. ही जागा त्यांनी छत्तिसाव्या वर्षी घेतली. पहिल्या दिवशी दाराला आतून कडी लावली आणि बराच वेळ त्या कडीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

"मास्तर माणूस चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण उद्या नाहीच जमलं, तर? निदान रुसून जायला तरी बाईला माहेर लागतं. माझं माहेर म्हणजे हेच."

लघुलेखिका स्टुलावरून उठली. तिने वही पिशवीत टाकली. सरांना लगेच काही कळवू नका, एवढंच सांगून ती निघाली.

घरी पोहोचली तेव्हा स्वयंपाकघरात नवऱ्याची पाळी होती. एरवी ती सरळ आतल्या खोलीत गेली असती. आज ती दारात थांबली आणि उभ्याउभ्या तिने सगळं सांगितलं. त्याने गॅस बारीक केला.

"त्यांचं चूक नाही काही," तो म्हणाला.

मग बराच वेळ पातेल्यातलं ढवळत राहिला.

"आपल्याला जायला जागा नव्हती म्हणून आपण राहिलो. त्यांना जायला जागा असेल, तर त्या कदाचित…"

वाक्य त्याने तिथंच सोडलं. पण 'आपणहून राहतील' असं त्याला म्हणायचंय, हे तिला समजलं. त्याने आणखी एक ताट काढलं, काही न विचारता. दीड वर्षात पहिल्यांदाच ती त्याच्या पाळीत जेवली.

रविवारी सकाळी ती पुन्हा सिस्टरांकडे गेली. हातात एक कागद होता, स्वच्छ टाइप केलेला, खाली तिची सही. तीन वर्षं ही जागा विकणार नाही. मागची खोली रिकामी ठेवीन, त्यात पलंग असेल. सिस्टर केव्हाही आल्या, कितीही दिवस राहिल्या तरी चालेल. का आलात, असं विचारणार नाही. मागच्या दाराची एक किल्ली सिस्टरांकडेच राहील.

सिस्टरांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"हे कोर्टात टिकेल?"

"नाही," ती म्हणाली.

सिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"कोर्टात टिकणारे कागद मी रोज टाइप करते," ती म्हणाली. "हा माझ्याकडून आहे."

सिस्टरांनी कागदाची घडी घातली, खिळ्यावरची मागच्या दाराची किल्ली काढून त्या घडीत ठेवली. मास्तरांना यातलं काही कळायला नको, एवढंच त्या म्हणाल्या. मग चहा झाला, आणि लांबीरुंदीची उरलेली मापं घेऊन झाली.

सोमवारी दस्त झाला. चौघांनी सह्या केल्या, अंगठे उमटवले, आणि बोटांची शाई पुसायला एकच रुमाल चौघांत फिरला. सर एवढे खुशीत होते की त्यांनी तो रुमाल स्वतःच्या खिशात घातला. शनिवारी तिन्ही घरांचं सामान एकदमच हललं. एका टेम्पोवाल्याची गल्लत झाली आणि मास्तरांच्या पुस्तकांची खोकी तळमजल्यावर येऊन पडली, तिचं शिवणाचं मशीन तिसऱ्या मजल्यावर गेलं. ते निस्तरता निस्तरता संध्याकाळ झाली. मशीन घेऊन नवरा स्वतः आला. फ्रिज सरळ उभा आहे ना, हे त्याने वाकून पाहिलं, एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला.

"तासभर लावू नकोस. गॅस बसू दे," तो म्हणाला आणि गेला.

पहिले काही आठवडे तिला छान वाटलं. फ्रिजचे चारही कप्पे आपले, सगळ्या वेळा आपल्या. मग पावसाळी दिवस आले. कोर्टातून येऊन दिवा लावला की दोन खोल्या एकदम समोर यायच्या. मागच्या खोलीतल्या पलंगावर तिने धुतलेली चादर घातली होती. दर पंधरा दिवसांनी ती चादर बदलायची, कुणी झोपलेलं नसलं तरी. सिस्टरांच्या लग्नाला ती जाऊन आली होती. मोठ्या घरात त्या दोघांचं बरं चाललंय, असं सरांकडून कानावर यायचं. तिला ते ऐकून आनंद व्हायचा. तो खराच होता. तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी मागच्या दाराशी जरा खुट्ट झालं की ती हातातलं काम थांबवायची. बहुतेक वेळा मांजर असायचं.

पाचव्या महिन्यातल्या एका शनिवारी पुढच्या दाराची बेल वाजली. सिस्टर होत्या. हातात पिशवी नाही, छत्री नाही, केस थोडे ओले. ती बाजूला झाली.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"नंतर. जरा पडते गं आधी."

त्या पहिल्यांदाच तिला 'अगं-तुगं' करत होत्या. चपला दाराशी सोडून त्या थेट मागे गेल्या. थोड्या वेळाने तिने डोकावलं, तर सिस्टर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. तिने पंखा एकावर केला, दार लोटलं. शिवणाचं मशीन उघडलं होतं, ते पुन्हा झाकलं.

साडेचारच्या सुमाराला फोन वाजला. दुसरी रिंग व्हायच्या आत तिने तो उचलला. मास्तर होते. आधी त्यांनी तिची तब्येत विचारली, पावसाचं विचारलं, नळाला पाणी किती वाजता येतं तेही विचारलं.

मग म्हणाले, "आमच्या घरची मंडळी तिकडे आली आहेत का?"

तिने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं, खरं सांगणंही. तेवढ्यात मास्तरच पुढे म्हणाले,

"नाही, तसं काही झालेलं नाही. मी पुस्तकं लावताना जरा मोठ्यानं बोललो. चूक माझीच होती. तुमच्याकडे असेल तर मला काळजी नाही, एवढंच."

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडेच आहेत. झोपल्यात."

"मग उठवू नका." मास्तर म्हणाले. "राहू द्या दोन-चार दिवस. माहेरपणाला आलेल्या माणसाला लगेच परत पाठवू नये. आणि मी फोन केला होता, हे तेवढं सांगू नका."

तिने बरं म्हटलं. फोनचा आवाज बंद करून तो पालथा ठेवला. फ्रिज उघडून दूध किती आहे ते पाहिलं. मग पायात चपला सरकवून, दाराचा आवाज होऊ न देता, ती रात्रीच्या जेवणासाठी भाजी आणायला निघाली.