मंडईमागे टॉवर

आंधळगावच्या पटांगणात मंडईच नव्हती. दोन बकऱ्या तेवढ्या चरत होत्या.

रत्नमाला ट्रकमधून उतरली आणि तशीच उभी राहिली. ट्रकवर घडी करून निजवलेला टॉवर होता.

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात. आज या गावी, उद्या त्या गावी. लेकी येतात, जावई येतात, पाळणे येतात, नाचगाण्याची दंडार येते. एवढंसं गाव दुपारभर शहर होतं आणि साऱ्यांचे फोन एकदम मुके होतात. म्हणून मोहाडीच्या या लेकीने, रत्नमालाने, आपल्या मोबाइल कंपनीपुढे जाळ्याचा नवा आराखडा मांडला होता. चाकांवरचा एकच टॉवर, मंडई जाईल तिकडे जाणारा. आणि त्या टॉवरवर पहिला मान फोनवरच्या बोलण्याला, व्हिडिओ मागून. आज भर गर्दीत बोलणं टिकलं तर आराखडा मंजूर, नाही तर तो कायमचा गुंडाळायचा, असं पुण्याच्या साहेबांनी बजावलं होतं.

अंगणात वड्या वाळत घालणाऱ्या शकुंतलाबाईंना तिने विचारलं, "मावशी, मंडई कुठं गेली?"

"अव पोरी, गावातले गोमाजी गेले ना परवा! मयत झाल्यावर मंडई भरते का कुठं? पुढं ढकलली. दंडारवाले मोकळे झाले, पाळणेवाला मोकळा झाला, मंग बाजूच्या चिचटोलीनं आजचा दिवस धरला. तू कोनची व?"

"मोहाडीची."

"मोहाडीची, अन् हे मले विचारतं?"

रत्नमालाचे कान तापले. आईला विचारून तिने मंडयांच्या तारखा घेतल्या होत्या आणि बसच्या वेळापत्रकासारख्या पक्क्या करून टाकल्या होत्या.

"मॅडम, इथंच रावा," ड्रायव्हर तुलाराम तंबाखू मळत म्हणाला. "दोन बकऱ्या कोनाले फोन लावतीन? चाचणी एकदम फस्ट क्लास."

खरंच, फस्ट क्लास झाली असती. ती ट्रकभोवती फिरली, बसली, पुन्हा उठली. ओढणीचं टोक दातांत, जीव चिचटोलीत. साहेबांना विचारावं? ते म्हणणार, ठरलंय तिथेच थांबा. फोन हातात घेतला, पर्समध्ये टाकला, पुन्हा काढला.

"निघा, तुलारामभाऊ."

चिचटोलीत माणसांवर माणसं. सिग्नल घ्यायला मोहाडीच्या कायमच्या टॉवरकडे ट्रकवरची ताटली वळवावी तर मध्ये मोहाची झाडं, एकाला एक खेटून. अखेर तळ्याच्या बांधावर, बोडीच्या पाळीवर, मोकळं आभाळ सापडलं. टॉवर हळूहळू उभा राहिला, तशी पोरं ओरडली, "पाहा बे, नवा पाळना आला!"

फोनवर सिग्नलच्या रेघा भरल्या आणि सगळ्या गर्दीने एकदमच व्हिडिओ सुरू केले. बांगड्यांच्या दुकानाशी एक बाई फोनवर लेकीला ओरडून विचारत होती, "हॅलो! कोन्ता रंग? अव, हॅलो!"

रत्नमालाने लॅपटॉप पुढे ओढला. जाळ्यातला बोलण्याचा वाटा आणखी वाढवला. व्हिडिओ अडले.

"ओ बाई, दंडारीचा लाइव्ह अटकला ना!" गर्दीतला एक पोरगा ओरडला.

"डोयानं पाह्य ना बे," तुलाराम खेकसला, "समोरच तर नाचून राहिले!"

बांगड्यांपाशी बाईचा आवाज हलका झाला होता. "हिरव्या? बरं, हिरव्याच घेतो."

तेवढ्यात रत्नमालाचा फोन वाजला. साहेब.

"ट्रक आंधळगावात का नाही? नकाशावर मला दिसतोय तो. कुणाला विचारून हलवलात? उद्या वरच्यांना काय सांगू मी? मी काय म्हणतोय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, सर. शब्द न् शब्द."

साहेबांनी मध्येच विचारलं, "मागे काय वाजतंय?"

"ढोलकी, सर. अख्खी मंडई आहे माझ्याभोवती."

पलीकडे शांतता. कॉल तुटला की काय, म्हणून तिने घाबरून फोन डोळ्यांपुढे धरला. सेकंद पळत होते. तुटला नव्हता.

"ठेवू नका," साहेब म्हणाले. "गर्दीतून चालत जा. आणि बोलत राहा. हीच चाचणी."

 पाळीवरून उतरत ती जे दिसेल ते सांगू लागली.