बाहेरचा थर

काकांचा हात इतका साफ होता, की सगळा घोटाळा त्या साफ हातानेच केला.

प्रयोगशाळेच्या तळघरात ते एकतीस वर्षं काचपट्ट्या बनवत होते. रक्तवाहिनीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून बारीक काप काढायचे, रंगवायचे आणि दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरबाईंकडे पाठवायचे. बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. म्हणजे मुलगी असती, तर तिच्या. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. घरी बोलायला रेडिओ होता, पण तो स्वतःच बोलत सुटायचा, ऐकून घ्यायचा नाही. बाई रोज अकराला खाली येऊन "काय काका?" म्हणायच्या, तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

बाईंचा प्रश्न साधा होता. हृदयाची तुंबलेली वाहिनी आत फुगा फुगवून मोकळी करतात. काहींची ती काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते. का? दोन वर्षं त्या डुकरांच्या वाहिन्यांमध्ये हेच शोधत होत्या. आतून नवी वाढ होते हे खरं, पण मोजमाप काही केल्या जुळेना. तेवढीच वाढ असलेली एक वाहिनी मोकळी, तर दुसरी बंद पडायला आलेली.

काकांना या प्रश्नात बाईंहून जास्त रस होता. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याही एका वाहिनीत फुगा घातला होता. वाहिनी फार बारीक, म्हणून ती उघडी धरून ठेवणारी जाळी बसवलीच नव्हती. "बाहेरगावी जातोय" अशी थाप मारून त्यांनी आठवडाभर रजा घेतली आणि दवाखान्याच्या कागदांवर नातेवाइकाच्या जागी सह्याही स्वतःच केल्या. आता जिन्याच्या दहाव्या पायरीला छातीवर पुन्हा दाब यायला लागला होता.

एका सोमवारी बाई काचपट्टी घेऊन खाली आल्या.

"काका, आपल्या एकाही कापाला बाहेरचा थर कसा नाही? फुग्याने ताण बसला की तिथेही वण धरत असेल. तो वण आवळत असेल तर? की आपल्या डुकरांना तो थरच नसतो?" म्हणत त्या हसल्या.

काकांनी काचपट्टी हातात घेऊन उजेडात धरली. तो थर ते स्वतः काढत होते. वाहिनीभोवतीचं ते पिंजल्यासारखं आवरण चिमट्याने सोलून टाकलं, की काप कसा गोल, देखणा येतो. बाईंच्या आधी जे सर होते, त्यांना तसेच आवडायचे. बाईंनी तसं सांगितलं नव्हतं, पण विचारलंही नव्हतं. दोनशेच्या वर वाहिन्यांचं बाहेरचं आवरण बादलीत गेलं होतं.

"बघतो," एवढंच ते म्हणाले.

दोन दिवस ते मूग गिळून बसले. नमुने काढून पाठवणारा माणूस नोकरी सोडून गेला होता; त्याच्यावर ढकललं असतं, तर कुणी उलटतपासणी घ्यायला येणार नव्हतं. खरं सांगितलं, तर निवृत्तीनंतर वर्षावर्षाने मिळणारी मुदतवाढ गेली, आणि अकराचं "काय काका?"ही गेलं. त्याचीच धास्ती जास्त होती. पण बुधवारी घरचा जिना चढताना त्यांना सहाव्याच पायरीवर बसावं लागलं. उत्तर त्यांनाही हवं होतं.

"तो थर मी काढायचो," गुरुवारी ते म्हणाले. "काप चांगले दिसावेत म्हणून."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "दोन वर्षं, काका," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

पुढे आठवडाभर अकराला कुणी आलं नाही. काका घड्याळाकडे बघायचे आणि स्वतःवरच चिडायचे. मग एक चिठ्ठी आली: न कापलेल्या वाहिन्यांच्या शेवटच्या नऊ बरण्या उरल्यात, काहीही साफ करू नका. चिमट्याकडे सारखा जाणारा हात आवरत काकांनी आयुष्यातले सगळ्यात गबाळे काप काढले आणि वर पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "काका, वर या! सगळे जमलेत, या लवकर!"

काका गेले नाहीत. अर्ध्या तासाने बाईच धापा टाकत खाली आल्या आणि त्यांनी फोटो समोर धरला. अरुंद वाहिनीच्या बाहेरच्या थरात जाड वण होता आणि त्याने अख्खी वाहिनी आत ओढून घेतली होती.

"आत फारसं काही नाहीच हो! बाहेरूनच आवळलंय. तुम्ही बोलला नसतात ना, तर मी जन्मभर आतच मोजत बसले असते."

"यावर औषध?"

"अजून नाही. पण तुम्ही वर का नाही आलात? माझ्यावर रागावलात?"

"नाही बाई. जिना चढवत नाही."

बाईंनी फोटो हळूच टेबलावर ठेवला. "कधीपासून?"

"फुगा घालून सहा महिने झाले. हे दोन महिन्यांपासून."

"काका! कुणाला सांगितलंत?"

काकांनी जरा विचार केला, जणू यादी मोठी होती.

"आत्ता तुम्हालाच."