साळूबाईनं लिंपलेली कणगी

मित्रांनो, माझं तोंड वर्षातून एकदाच उघडतं. अजून उघडं आहे, तोवर बोलून घेते. मी एक कणगी आहे, बांबूची, जुनी, पोटानं चांगली ऐसपैस. कणगी म्हणजे धान्य साठवायची उंच टोपली. हे शहरातल्या मुलांसाठी सांगितलं, पाड्यावरची मुलं तर माझ्याआड लपूनच मोठी झाली आहेत.

माझं अर्धं आयुष्य झोपेत गेलं. नागलीची, म्हणजे नाचणीची, मळणी झाली की पुढच्या वर्षाचं बियाणं माझ्या पोटात येतं. खाली राख, वर निरगुडीचा पाला, आणि तोंड शेणामातीनं लिंपून बंद. ते उघडायचं थेट रोहिणी नक्षत्रात, पेरणीला. तोवर आत अंधार आणि मंद ऊब असते. दाणे झोपतात, मीही झोपते. त्यामुळे मी सांगते त्यातलं बरंचसं झोपेत ऐकलेलं आहे. बाहेरचे आवाज मातीतून गाळून येतात, विहिरीच्या तळाशी बसून ऐकावं तसे. पण शब्द चुकलेले नाहीत, याची मी खात्री देते.

नाशिकहून पेठला जाऊन पुढे डोंगरात उतरलं की आमचा पाडा लागतो. तिथल्या कोंडाजीनं लग्नाच्या वर्षी रानातून बांबू आणला, कामट्या काढल्या आणि मला विणलं. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, मला आतून-बाहेरून लाल माती लावली. कोंडाजी पुढे लवकर गेला. त्यांची एक मुलगी होती, तीही तापानं गेली. साळूबाईजवळ राहिला एक मुलगा, पुंजा, आणि मी.

त्या घरात आधी माझ्या तोंडाला हळद-कुंकू लागायचं. मग घर ख्रिस्ती झालं आणि लिंपून झाल्यावर साळूबाई माझ्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागली. मला दोन्ही गोड लागलं. मी कणगी, मला काय, कोणी मायेनं हात लावला की झालं. एक रीत मात्र दोन्हीकडे तीच राहिली. ज्या हातानं लिंपलं, त्याच हातानं फोडायचं. भुकेच्या दिवसांत दुसऱ्या कोणाचा हात बियाण्याला जाऊ नये, म्हणून असेल. पण ती रीत पाड्यावर कोणी कधी मोडली नव्हती.

नव्व्याण्णव साली दिवाळीनंतर नाशिकहून गोरक्षभाऊ आला. त्याचं तिकडे सायकल दुरुस्तीचं दुकान. माणूस साधा, डोळे मात्र रात्रभर जागल्यासारखे. कोणाच्या आजारपणात तो चार कोस चालत येई, म्हणून सगळे त्याचं ऐकत. रविवारच्या उपासनेनंतर आमच्याच ओटीवर बसून त्यानं वही उघडली. प्रभूच्या लेखी एक दिवस म्हणजे हजार वर्षं, असं शास्त्र म्हणतं. सहा दिवसांत सृष्टी झाली, म्हणजे सहा हजार वर्षं, आणि ती आता भरत आली. किल्लारीचा भूकंप झाला, सुरतेत प्लेग झाला, कारगिलला लढाई झाली.

"दोन हजार साल लागायच्या आत प्रभू येणार," तो म्हणाला. "पेपरातसुद्धा आलंय, त्या दिवशी सगळे संगणक बंद पडणार."

"आपल्याकडं बंद पडायला लाईट कुठं हाय?" साळूबाई म्हणाली. लोक हसले. गोरक्षभाऊसुद्धा हसला, तसा तो चांगला होता.

हिरामण मास्तर शाळा शिकवायचे आणि उपासनाही तेच चालवायचे. ते म्हणाले, "भाऊ, शास्त्राच्या शेवटी आहेत ती दर्शनं आहेत. पशू, शिंगं, शिक्के. छळात पिचलेल्या माणसांना धीर द्यायला लिहिलेली. ते गणित नव्हे. आणि तो दिवस, ती घटका कोणालाच ठाऊक नाही, हे तर प्रभूनं स्वतः सांगितलंय."

"दिवस ठाऊक नाही म्हणालाय मास्तर, साल नाही म्हणालेला नाही. अंजिराला पालवी फुटली की उन्हाळा ओळखा, हेही त्यानंच सांगितलंय ना?"

असे ते तीन रविवार बोलत राहिले. दोघंही शास्त्रातूनच बोलायचे, दोघांचीही वचनं खरी. मी आपली पेंगत ऐकत होते. पण चौथ्या रविवारी गोष्ट माझ्या पोटापर्यंत आली. गोरक्षभाऊ म्हणाला, प्रभू दाराशी आला असताना पुढच्या वर्षाचं बियाणं बांधून ठेवणं म्हणजे त्याच्या शब्दावर भरवसा नसणं. त्यापेक्षा नाताळला सगळं एकत्र दळावं, सगळ्यांनी एका पंगतीला बसावं, शेजारच्या पाड्यावरच्या उपाशी माणसांनाही वाढावं. आता सांगा, यात वाईट काय होतं? पाड्याला ते पटलं. घरोघरची बियाणी बाहेर निघाली.

पुंजाला सगळ्यात जास्त पटलं. नाताळाच्या दिवशी दुपारी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. साळूबाई माझ्या अंगाला पाठ टेकून बसली होती.

"आये, फोड ना. सगळ्यांनी दिलं. आपलंच राहिलं."

"खायचं धान्य ने, समदं ने. हे बी हाय."

"कोणासाठी बी? पेरणार कोण? लोक म्हणत्यात, साळूबाईला विश्वास नाय. मला मान खाली घालावी लागते."

माझ्या कामट्यांना तिचा श्वास कळत होता.

"पुंजा, प्रभूकडं माझं कोण हाय, ठाव हाय ना? माझा नवरा हाय, माझी लेक हाय. तो यावा म्हणून माझ्याएवढी वाट इथं कोणी बघत नसंल. पण धनी घरी येल तवा काम टाकून बसलेली दिसू का त्याला? तो म्हणंल, साळू, बी कुठं हाय? मी काय सांगू, तू येणार म्हणून खाल्लं?"

"वेडी हायस तू," पुंजा म्हणाला आणि गेला.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. ती उठली नाही, रडलीही नाही, नुसती पाठ टेकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी रविवारी पंगत झाली. भाकऱ्यांचा वास माझ्या लिंपणातूनही आत आला आणि आतले दाणे एकदम गप्प झाले. आपलेच भाऊबंद भाजले जाताहेत, हे त्यांना कळलं असावं. साळूबाई पंगतीत बसली, जेवली, गाणीही म्हणाली.

मग नवीन साल लागलं. कोंबडा आरवला, गाई ओरडल्या. साळूबाई सरपणाला गेली. पाड्यावर त्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही. हिरामण मास्तरांनीही 'बघा, मी म्हटलं होतं' असं तोंडातून काढलं नाही, याबद्दल मला ते फार मोठे वाटतात. गोरक्षभाऊ दोन-तीन महिने फिरकला नाही. पुंजा आईसमोर यायचा, जेवायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. तिला वेडी म्हटलेलं त्याला परत घ्यायचं होतं. रोज वाटायचं, उद्या बोलू. मला त्याच्या पावलांवरून कळायचं, दोनदा जवळ यायचा आणि परत फिरायचा.

एप्रिलात, ईस्टरच्या आदल्या सोमवारी, उन्हानं माझ्या तोंडावरच्या लिंपणाला चीर गेली. साळूबाईनं ओली माती आणली आणि पाच बोटांनी चीर दाबली. मग नेहमीसारखा हात ठेवला. मंगळवारी ती शेतात राब भाजायची तयारी करायला गेली. रोपं करायच्या जागेवर डहाळ्या, पाला अंथरून जाळतात, त्याला राब म्हणतात. अर्ध्या जागेवर डहाळ्या पसरल्या, मोहाच्या झाडाखाली जरा टेकली, आणि तिथून उठली नाही.

साधा मंगळवार होता तो. भूकंप नाही, लढाई नाही. तिच्यापुरता प्रभू आला आणि कोणाच्या वहीत ती तारीख नव्हती.

रोहिणी लागल्या. उरलेला राब पुंजानं भाजला, पण पेरायचं बी लिंपणाआड होतं. पाड्यावर दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. पेठच्या बाजारात दुसरं बी मिळत होतं, पण आमच्या उतारावर, आमच्या वाऱ्यात उभी राहते ती लाल नागली फक्त माझ्या पोटात उरली होती. लोक एकेक करून ओटीवर येऊन बसले. मागायला तोंड कोणालाच नव्हतं. गोरक्षभाऊही आला होता, सगळ्यांच्या मागे, पायरीवर.

पुंजा माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याला तिच्या पाच बोटांचे ठसे दिसले. वाळलेले, स्पष्ट, करंगळी जरा वाकडी.

"मी नाय फोडणार," तो म्हणाला. "लिंपणारा हात गेला. रीत हाय. आणि मी तिला वेडी म्हणलो, मी कसा हात लावू?"

कोणी म्हणालं, रीत म्हणजे रीत. कोणी म्हणालं, मग काय दाण्यांना आत कुजू द्यायचं? पुन्हा वाद सुरू होणार असं वाटलं. तेवढ्यात पुंजाची बायको सुवर्णा चुलीपाशी होती ती उठून आली. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"हा हात कुठून आला?" ती म्हणाली. "तिच्याच पोटातून ना? मग तिचाच हाय."

हिरामण मास्तरांनी मान हलवली. गोरक्षभाऊनं पायरीवरूनच म्हटलं, "बरोबर आहे तिचं." त्या वर्षात त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

पुंजानं पाच बोटं पाच ठशांवर ठेवली. त्याची बोटं मोठी, ठशांत मावेनात. "आये, चुकलं माझं," तो म्हणाला आणि दाबलं. लिंपण फुटलं. इतक्या महिन्यांनी उजेड आत आला, दाणे जागे झाले, मीही जागी झाले. पायलीनं मोजून घरोघर बी गेलं. मोजायला गोरक्षभाऊ बसला होता. शेवटच्या घराचं मोजून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मावशी तयार होती. मी नुसती वाट बघत होतो."

त्या वर्षी उतारावर लाल नागली उभी राहिली.

आता त्याला आठ-नऊ वर्षं झाली. गोरक्षभाऊ अजून येतो. मास्तर आणि तो अजून ओटीवर भांडतात, शिंगं म्हणजे काय आणि शिक्के म्हणजे काय. भांडोत बापडे, मला झोपेत बरी सोबत होते. पण वही त्यानं परत आणली नाही, आणि मळणीनंतर बी आधी बाजूला काढायला तोच सांगतो. पाड्यावर प्लास्टिकचे ड्रम आलेत. त्यांना लिंपावं लागत नाही, उंदीर लागत नाही. माझ्या कामट्या सैल झाल्यात आणि एका अंगाला मी कलले आहे. नवी माणसं मला बघून विचारतात, ही अडगळ कशाला ठेवली?

पुंजा उत्तर देत नाही. पण तुम्हाला सांगते. त्या दिवशी फुटलेलं लिंपण त्यानं टाकलं नाही. ठशांचे तुकडे गोळा केले, भिजवले, नव्या मातीत मळले आणि त्यानंच माझं तोंड बंद केलं. दरवर्षी तो तसंच करतो. जुनी माती नव्या मातीत जाते, आणि साळूबाईच्या बोटांखालची माती अजून माझ्या तोंडावर असते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. ज्याची वाट बघायची त्याची खुशाल बघा, पण मला वर्षातून एकदा लिंपत जा. ऐकलंत? पुंजा माती भिजवायला बसलाय. आता माझं तोंड बंद होईल.