लाकडाचा काही संबंध नाही

गिटारचा स्पीकर ज्या लाकडी खोक्यात बसवतात, ते खोकं कोणत्या लाकडाचं आहे यावरून आवाजात फारसा फरक पडत नाही, असं त्या कारखान्यात फक्त एका व्यक्तीचं मत होतं, आणि ती होती मालकाची सख्खी पुतणी. बाहेरच्या कोणी असं म्हटलं असतं तर काकांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण पुतणीला कुठे लावणार? ती राहायला वरच्याच मजल्यावर होती, आणि खोक्याचे कोपरे तिच्याइतके चोख जुळवणारं दुसरं कोणी नव्हतं.

काका तिला वकीलसाहेब म्हणत. अशिलाची वाट न बघता खटला लढणारी वकील. तिच्याकडे असली मतं पोत्याने होती. महागड्या केबलमुळे भलं होतं ते फक्त केबल विकणाऱ्याचं. गिटारचं लाकूड कोणतं आहे हे वाजवणाऱ्याच्या खांद्याला कळतं, ऐकणाऱ्याला नाही. जुना स्पीकर गोड लागतो, कारण तो घेतला तेव्हा आपण तरुण होतो. हे सगळं ती गिऱ्हाइकासमोर बिनदिक्कत बोलायची, आणि पलीकडच्या टेबलावर खोक्यांना काळं रेक्झिन चिकटवत बसलेली काकू दर वेळी म्हणायची, "अगं हळू, तो माणूस विकत घ्यायला आलाय."

काकांचा धर्म निराळा. "पाइन गातं, प्लायवूड बोलतं आणि चिपबोर्ड कपडे ठेवायला बरा," हे त्यांचं वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला पाठ होतं. चिपबोर्ड म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, तिला ते हातसुद्धा लावत नसत. आणि त्यांचं ऐकावंच लागे, कारण त्यांनी ऐकल्याशिवाय एकही खोकं बाहेर पडत नसे. आधी एका छोट्या यंत्राची शिट्टी खोक्यातून सोडायची, खालच्या घुमण्यापासून वरच्या किंचाळण्यापर्यंत हळूहळू चढवत न्यायची. कुठे स्क्रू सैल असला, कुठे सांधा सुटला असला, की तिथे खोकं थरथरतं. मग गिटार. काका खोक्याकडे पाठ करून बसत आणि निकाल देत. तीस वर्षांत त्यांचा निकाल कोणी फिरवला नव्हता.

गेल्या तीन महिन्यांत मात्र त्यांनी सपाटाच लावला होता. जे खोकं समोर येईल ते नापास. "आवाजावर कोणीतरी पांघरूण घातलंय," हे एकच कारण. आधी दोष प्लायवूडवर गेला, म्हणून दुकानदार बदलला. मग पाइन ओलं असल्याचा शोध लागला. मग गोंद. मग खोक्याच्या पाठीवरच्या फळीची रुंदी. पुतणीने दोन खोकी सोडवून पुन्हा जोडली, हात सोलवटून घेतले, आणि तरीही भिंतीला सहा खोकी तोंड पाडून उभी होती.

शेवटी तिचं डोकं फिरलं. "काका, लाकडाचा काही संबंध नाही. पैज लावा."

"लाव," काका म्हणाले. "हरलीस तर वर्षभर तोंड बंद."

"वर्षभर?" काकू म्हणाली. "अहो, तासभर तरी मागून बघा."

रविवारी सकाळी तिने कारखान्याच्या मधोमध दोरी बांधून चादर टांगली. मागे तीन खोकी ठेवली, तिन्हींत काकांच्या नेहमीच्याच बनावटीचे स्पीकर. एक नापास झालेलं प्लायवूडचं. दुसरं तिने गुपचूप बनवलेलं, नखशिखांत चिपबोर्डचं. आणि तिसरं काकांनी स्वतःच्या हाताने केलेलं पहिलंवहिलं पाइनचं खोकं, ज्याच्याशी ते आजवर सगळ्यांची तुलना करत आले होते. वाजवायला नेहमीचा गिटारवाला आला होता. हाही पाइनभक्तच, पण चहा मिळणार म्हटल्यावर तो कोणत्याही बाजूने वाजवायला तयार होता.

मागे कोणती तीन लाकडं आहेत ते काकांना सांगितलं होतं, क्रम तेवढा सांगितला नव्हता. काका चादरीकडे पाठ करून स्टुलावर बसले. पहिलं खोकं वाजलं.

"पांघरूण," काका म्हणाले. "प्लायवूड."

बरोबर होतं. पुतणीच्या कपाळाला आठी पडली. दुसरं वाजलं.

"हेही तसंच. पण त्यातल्या त्यात बरं आहे. हे माझं."

ते चिपबोर्डचं होतं. गिटारवाल्याने ओठ दाबून धरले. तिसरं वाजलं, आणि काकांनी इतकं नाक मुरडलं की ते मागूनही कळलं. "शी. हे चिपबोर्ड. याच्यात तर आवाज गुदमरतोय. चुलीत घाल हे."

गिटारवाल्याला आता हसू फुटायच्या बेतात होतं. पुतणी जिंकली होती, तीही दणक्यात. चादर ओढायची आणि वर्षभर मिरवायचं, एवढंच बाकी होतं. तिने चादरीला हात घातला आणि तिचा हात तिथेच थांबला.

लाकडाचा संबंध नाही. स्पीकर एक, वाजवणारा एक, खोली एक. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत काकांना याच खोक्यात पाइन गाताना ऐकू यायचं, आणि आज त्यातच गुदमरतंय. मग बदललं काय? आपलंच म्हणणं तिने शेवटपर्यंत नेऊन पाहिलं, आणि शेवटी काका तेवढे उरले. काकू हल्ली काकांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते. परवा दाराची घंटा वाजत राहिली आणि काका खालीच बसून होते, पेपर वाचत. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि ती प्लायवूडशी भांडत बसली होती.

आपलं म्हणणं खोटं ठरावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. लाकडाने फरक पडू दे, हवा तेवढा पडू दे, वर्षभर तोंड बंद ठेवते.

"काय झालं वकीलसाहेब?" काका मागे न वळताच म्हणाले. "निकाल सांगवत नाही वाटतं?"

खोटं सांगणं अगदी सोपं होतं. तिन्ही बरोबर म्हणायचं, गिटारवाल्याला डोळा मारायचा. काका खूश झाले असते, आणि उद्या त्यांनी सातवं खोकं नापास केलं असतं.

"काका, एकदा शिट्टी लावते," ती म्हणाली. "ऐकू येतेय तोवर हात वर ठेवा."

"आता ही काय नवी पळवाट?" म्हणत काकांनी हात वर केला.

तिने काकांच्याच खोक्यातून शिट्टी सोडली. आधी जमीन घुमली, मग आवाज बारीक होत वर चढला. अजून वर. गिटारवाल्याने दोन्ही कानांत बोटं घातली. काकू आतून तरातरा आली, "बंद करा ते, दात शिवशिवले माझे," असं ओरडत.

काकांचा हात खाली आला होता.

"अगं," ते म्हणाले, "मध्येच बंद का केलंस?"

शिट्टी कारखानाभर किंचाळत होती. काका वळले. त्यांनी कानांवर हात धरलेली काकू पाहिली, बोटं घातलेला गिटारवाला पाहिला, आणि मग पुतणीचा चेहरा.

"चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे काका."

काकूने जाऊन यंत्र बंद केलं. पुतणीने चादर ओढली. काकांना तिसऱ्या जागी आपलं खोकं दिसलं. ते उठले, त्याच्या माथ्यावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. पुतणीला रडू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"म्हणजे नापास केलेली ती सहा..."

"ठणठणीत आहेत."

"आणि हे भुशाचं?"

"तेही."

"ते मी मान्य करणार नाही," काका म्हणाले. "कानाच्या डॉक्टरकडे येईन, पण हे मान्य करणार नाही." गिटारवाला हसला, आणि मग काकूही डोळे पुसत हसली.

काकांनी स्टूल उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं. "बस. सहातलं पहिलं लाव रे." मग एक रिकामी पेटी ओढून ते तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून, तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

गिटारवाल्याने तार छेडली. नीट ऐकावं म्हणून तिने डोळे मिटले.

"मिटू नकोस गं," काका म्हणाले. "मला कसं कळणार मग?"