प्राचीची अडचण

आमच्या घरी गौर आणायची ती लग्न न झालेल्या लेकीनं. ओहोळाकाठचा तेरडा सुपात घेऊन ती उंबरा ओलांडते, आणि त्या दिवशी तिला पाळी नसावी लागते. माझ्या प्राचीचं नशीब असं, की चार वर्षं नेमकी त्याच दिवशी अडचण. पोर पडवीत तोंड फुगवून बसायची.

यंदा मात्र माघापासून तिला पाळीच आली नाही.

प्राची साजगावच्या एका कारखान्यात कामाला. सुटली की शिळफाट्याच्या जिममध्ये. येत्या डिसेंबरात शरीर कमावणाऱ्या मुलींची स्पर्धा होती, तिच्यासाठी सगळं चाललेलं. जिममधल्या यंत्रानं कागद दिला, अंगात चरबी बारा टक्के. तो तिनं फ्रिजवर चिकटवला. तूप बंद, भाकरी अर्धी. पाळी थांबली तर म्हणते कशी, "बरंच झालं की. जिमला खाडा नको."

आणि आम्ही शहाण्या! सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "गौरीनंच अडचण थांबवलीय हिची. यंदा गौर आमची प्राचीच आननार." मीही हौसेनं हिरवी साडी आणून ठेवली. लेक सुकत चाललेली आणि आई साडीला फॉल लावतेय. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जूनमध्ये धावता धावता तिच्या नडगीच्या हाडाला चीर गेली. पडली नाही, आपटली नाही. खोपोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. मग मला विचारलं, "घरातलं धान्य संपत आलं तर आधी काय बंद करता? पाहुण्यांना बोलावणं ना? शरीरही तेच करतं. बाईच्या अंगात थोडी चरबी हवीच. पोटाला कमी पडत गेलं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात."

"परत येईल ना?" प्राचीचा आवाज एवढासा झाला.

"पोटभर खा, विश्रांती घे. बघू."

त्या 'बघू'नं माझी झोप उडवली. फ्रिजवरचा कागद प्राचीनं स्वतः फाडला, स्पर्धा सोडली, दोन दिवस रडली. मग मी दूध, तूप, मासे घेऊन तिच्या मानगुटीवर बसले. ती चिडायची, "जाडी होईन मी." मी म्हणायचे, "हो बाई." आम्ही दोघी रोज कॅलेंडरकडे बघायचो आणि बोलायचो दुसरंच काही. सासूबाईंचं आपलं एकच, "डाक्टरला काय कलतंय?"

गौरीचा दिवस उजाडला. दारात बायका जमल्या, पुतणी संजना हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी. प्राची हिरव्या साडीत, हातात सूप. उंबऱ्यावर पाऊल टाकणार तेवढ्यात थबकली, सूप खाली ठेवलं आणि मागं न्हाणीकडे पळाली.

"आई गं!"

मला वाटलं, पाय गेला. धावले. ती न्हाणीच्या दारात उभी, हसतेय आणि डोळ्यांतून धारा.

"आई, आली."

मी तिला मिठीच मारली. साडी, पूजा, जमलेल्या बायका, कशाचं भान राहिलं नाही. दोघी हसतोय, रडतोय, पुन्हा हसतोय. मागून सासूबाई आल्या. "अगं, अडचण आली आन् नाचताय काय? आता गौर कोन आननार?"

"संजना आणील," मी म्हणाले, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढला. "सात महिने झाले. गौरीची कृपा नव्हती ती. आपली पोरगी उपाशी होती."

सासूबाई प्राचीकडे बघत राहिल्या, तिच्या नडगीकडे, मग तोंडाकडे. पाळीच्या चार दिवसांत बाईला त्या शिवत नाहीत. चुकून पदर लागला तरी पुन्हा अंघोळ करतात. माझी तर सावलीसुद्धा चालायची नाही.

त्यांनी संजनाच्या ताटातून कुंकवाचा करंडा उचलला, सरळ प्राचीपाशी आल्या आणि तिच्या कपाळाला बोट टेकवलं. मग तोच हात तिच्या गालावर ठेवला.

"आदी हिला," त्या संजनाला म्हणाल्या. "मंग गौरीला."